बर्फ फेकणारं इंजिन

देवस्थळींच्या टेबलावर रुळांवरचा बर्फ हटवणारं खेळण्यातलं इंजिन होतं, पुढे भलंमोठं फिरतं पातं असलेलं. दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी ते बोटाने पातं फिरवायचे आणि मोबाईलवर खऱ्या इंजिनाचा व्हिडिओ लावायचे. डोंगरातला पुरुषभर बर्फ ते पातं कापतंय आणि कडेला भिरकावतंय. "बघ," ते म्हणायचे, "बर्फाला विचारतंय का, बाबा रे, तुला कुठे पडायचंय?" मग स्वतःच खो खो हसायचे.

हूफडॉर्पच्या आमच्या ऑफिसात ते टीमचे प्रमुख. नेदरलँड्सच्या सपाट मुलखात असलं इंजिन कुणाला लागतंय! इथे बर्फ पडतो चार बोटं, पण रुळांच्या सांध्यांत घट्ट बसला की गाडीला रूळ बदलता येत नाही. म्हणून सांध्यांना हीटर असतात, आणि ते चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर आमचं. देवस्थळी हुशार, यात वाद नाही. नवऱ्यामागून येऊन घरी बसलेल्या मला नोकरी त्यांनीच दिली. टीममध्ये आम्ही तिघंच मराठी. डच लोकांना ते प्रत्येक गोष्ट मेलवर कळवायचे. मला आणि मधुराला मात्र डबा खाताना, तोंडी. "मेल कशाला गं? आपलीच माणसं आहोत ना!" किती बरं वाटायचं ते ऐकून.

तसंच एका शुक्रवारी पोळी मोडता मोडता त्यांनी माझ्यासमोरच मधुराला सांगितलं, "त्या जंक्शनचे हीटर टेस्टिंगपुरते बंद ठेव. सोमवारी बघू."

"सर, वीकेंडला बर्फ पडला तर?"

"पडतोय कसला!"

रविवारी पडला. सांधे अडकले, गाड्या ठप्प, माणसं दिवसभर कुडकुडली. सोमवारी मीटिंगमध्ये देवस्थळींनी इंग्रजीत, अगदी मृदू आवाजात विचारलं, "मधुरा, हे तुला कुणी सांगितलं? मेल दाखव." मेल कुठली असणार! तिने माझ्याकडे पाहिलं. माझं प्रमोशन त्यांच्या सहीवर अडलं होतं. मी वहीत डोकं घातलं. लाज वाटते सांगायला, पण घातलं.

मधुराची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसावर आलेल्यांनी इथे तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. मधुराला मिळाली नाही. लेकीची शाळा अर्ध्यावर सोडवून ती परत गेली. त्या दिवशी देवस्थळींनी पातं फिरवलं, "रूळ मोकळा झाला," म्हणाले आणि मला लिंबाचं लोणचं वाढलं. मी खाल्लं.

पुढे तेही पुण्याला परतले. जाताना खुर्ची मला मिळवून देऊन गेले, इंजिनही ठेवून गेले. गेल्या आठवड्यात टीममध्ये नवी आलेली अनुजा डबा उघडता उघडता म्हणाली, "ताई, आत्ता सांगितलंत ते मेलवर टाकाल का?"

"मेल कशाला गं?" मी म्हटलं. "आपलीच माणसं आहोत ना!"

किती बरं वाटलं तिला.