ताराचंददादा आणि पंखांचं जनावर

फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. वहिनीचा फोन सकाळी सातला कधी येत नाही. त्या वेळी तिचा गोठा आटोपायचा असतो. मी साबणाच्या हातानंच फोन कानाला लावला. "भाऊजी, तुमचे दादा उठून नाही राह्यले," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसते आवाज ऐकू येत राहिले. भंडाऱ्याहून मोहाडीच्या पुढचं आमचं गाव स्कूटरनं तासाभरावर. मी कसा पोचलो ते मला आजही सांगता येणार नाही. दिवसभर माणसं येत होती, गळ्यात पडत होती, आणि मी सगळ्यांना डावा गाल गुळगुळीत आणि उजवा खरखरीत असा भेटत होतो. संध्याकाळी दादाला अग्नी देऊन तलावाच्या पाळीवरून परतताना तोंडावर हात फिरवला तेव्हा कळलं. पहिला विचार हाच आला, की हे दादाला सांगायला पाहिजे... वर्षभर पुरलं असतं त्याला.

ताराचंददादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. शिकला सातवीपर्यंत. नंतर धान, तलाव आणि म्हशी. मी मात्र शिकलो, सरकारी कचेरीत कारकून झालो, आणि दोन ओळींचा इंग्रजी अर्ज लिहिता येतो म्हणून घराण्यातला विद्वान ठरलो. ही विद्वत्ता मी पुढे किती ठिकाणी तोंडावर पाडून घेतली, ते सांगायलाच हा लेख आहे. दादाबद्दल लिहायला बसलो तरी मधे मीच पाय घालतो, ही जुनी खोड. तो हयात होता तेव्हा "तू थांब जरा, हेमू," म्हणायचा. आता म्हणणारं कोणी नाही.

त्याची एकुलती एक मुलगी प्रणाली. बारावीनंतर ती नागपूरला अ‍ॅनिमेशन शिकायला गेली आणि तिथून हैदराबादला नोकरीला लागली. आमच्या घराण्यात मुली डी.एड. करत, नाहीतर नर्सिंग. ही दिवसभर संगणकावर जनावरं चालवते असं कळलं तेव्हा घरात सुतकी कळा आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते. दंडारीची लोकनाट्यं होतात, पाळणे येतात, आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात. त्या वर्षी अंगणात तीसेक पाहुणे जेवायला बसले असताना गिरजाआत्यानं विषय काढला. गिरजाआत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. ती कोणाच्याही घरी जेवताना त्याच घरातल्या उणिवा मोजते, आणि शेवटी आणखी भात मागते. लग्नाच्या पोरीबद्दल लोक विचारतात तेव्हा कार्टून काढते म्हणून सांगायचं का, असा तिचा सवाल होता. मग मी उठलो. अजून वय गेलं नाही, बी.एड. करता येईल, माझ्या कचेरीत एक चांगलं स्थळ आहे, असं बरंच बोललो. माझं बोलणं मुद्देसूद होतं. पाहुणे माना हलवत होते, आणि वहिनी वाढता वाढता थांबली होती.

दादा वरणाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होता. ते त्यानं खाली ठेवलं. "पुढच्या मंडईले तिचं काम तुमच्यासमोर लावतो," तो म्हणाला. "सारे पाहा. तुमच्या मनाले नाही पटलं तं मीच हैदराबादले जाऊन तिले घेऊन येतो. मंग हेमू सांगन तसं." आणि भांडं उचलून पुढच्या पानावर गेला. दादाचा शब्द म्हणजे काय हे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी जिंकलो असं समजून दोन वाट्या वरण प्यालो.

प्रणाली त्या वेळी एका परदेशी सिनेमावर काम करत होती. ड्रॅगनचा सिनेमा. मी गावभर सांगितलं की भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये लागला की अख्खी बाल्कनी धरू. पावसाळ्यात तिचा फोन आला, हा सिनेमा टॉकीजला लागणारच नाही, सरळ डिस्कवर निघणार आहे. मी लगेच निदान केलं, म्हणजे पडला. पडला नाही, घरी बसून पाहण्यासाठीच काढला आहे, असं ती परोपरीनं सांगत होती. दादानं फोन माझ्या हातातून घेतला. "बरं झालं व. आपल्याले घरातच दाखवाचा हाय ना," म्हणाला. मग थोडं थांबून विचारलं, "पन जनावर तुयंच हाय ना?"

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. माझ्याकडे व्हिडिओ काढणारा नवा मोबाइल आला होता. दादानं मला एका रविवारी मुद्दाम बोलावून घेतलं आणि चंद्रीचा व्हिडिओ काढायला सांगितलं. चंद्री ही त्याची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. ती बसलेली असताना सुरुवात करायची आणि पुरती उभी होईपर्यंत काढायचं, अशी त्याची अट. मला वाटलं, म्हैस विकायला काढली. मी सल्ले देऊ लागलो, हिला आधी धू, शिंगांना तेल लाव, गिऱ्हाइकाला समोरून दाखव. दादा हो हो म्हणत होता. चंद्री मात्र मी मोबाइल धरला की बसायची आणि खाली केला की उठायची. अकरा वाजता सुरू केलेलं काम चार वाजता संपलं. बाजूनं, मागून, चिखलातून, असे तीन व्हिडिओ झाले, आणि माझी पॅंट गुडघ्यापर्यंत शेणानं भरली. म्हैस पुढे विकली गेली नाही. मीही विचारलं नाही.

मंडईचा दिवस आला. प्रणाली आदल्या दिवशीच डिस्क घेऊन आली होती. चेहरा उतरलेला. बापानं काय कबूल केलंय ते तिला वहिनीनं सांगितलं होतं. दुपारची जेवणं आटोपून पाहुणे ओसरीत दाटीवाटीनं बसले. बाहेर दंडारीचे ढोल सुरू होते, तरी कोणी उठेना, कारण पोरीचं काय होतं हे सगळ्यांना पाहायचं होतं. आता आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू हळदीकुंकू लागल्याशिवाय चालू होत नाही. ट्रॅक्टर असो, मोटारपंप असो की मिक्सर. विद्वान म्हणून तो मान माझा. डिस्कच्या एका अंगाला ड्रॅगनचं लालभडक तोंड छापलेलं. त्याच्यावर कुंकू लावलं तर चित्र खराब होईल, म्हणून मी समजूतदारपणे मागची कोरी, चकचकीत बाजू निवडली. पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची, वर दोन अक्षता. हात जोडले आणि डिस्क यंत्रात सरकवली.

यंत्र घरघरलं, कण्हलं, आणि पडद्यावर आलं की आत डिस्कच नाही. पुन्हा लावली. पुन्हा तेच. गिरजाआत्या म्हणाली, "काही काढलंच नसन तं दिसन कसं?" मी कंपनीला दोष देऊन पाहिला. प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. दादा उठला, डिस्क बाहेर काढली, उलटी केली. मग माझ्या बोटांकडे पाहिलं. ती अजून लाल होती. तो माठाजवळ गेला, डिस्क पाण्याखाली धरली, आणि खांद्यावरच्या नव्या दुपट्ट्याच्या टोकानं, वासराचं नाक पुसावं तितक्या हळू, पुसून आणली.

सिनेमा सुरू झाला. तो इंग्रजीत होता. प्रणालीच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, म्हणून अर्थ सांगण्याचं काम मी अंगावर घेतलं. दाढीवाला जादूगार हा सिनेमातल्या पोरीचा सासरा आहे असं मी पहिल्या पाच मिनिटांत जाहीर केलं, आणि अख्ख्या ओसरीनं पुढचा सिनेमा त्याच समजुतीनं पाहिला. सासरा असून सुनेला दरीत कायले पाठवते, म्हणून बायका त्याच्यावर चिडल्या. ड्रॅगन पहिल्यांदा दिसला तेव्हा आत्या म्हणाली, "पंखवाली घोरपड." लोक हसले. कोणी म्हणालं, कोंबडा आणि मगर यांची सोयरीक झालेली दिसते. आत्याचे यजमान, आमचे फुपाजी, तर भिंतीला डोकं लावून घोरू लागले. फुपाजी म्हणजे जनावराची पारख असलेला माणूस. चाळीस वर्षं बैलबाजारात त्यांना विचारल्याशिवाय शहाणा माणूस दाव्याला हात लावत नसे. दादा पडद्याकडे पाहत नव्हता. तो माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता.

मग ते दृश्य आलं. म्हातारा ड्रॅगन शंभर वर्षं दलदलीत रुतून पडलेला. गाव जळू लागतं, पोरगी त्याला हाका मारते. तो मान हलवतो. मग मागचं अंग वर येतं, मागचे दोन पाय सरळ होतात, पुढचे गुडघे अजून चिखलातच. क्षणभर तसाच तोलून राहतो, एक लांब श्वास सोडतो, आणि मग पुढचा एक पाय... मग दुसरा... अंगावरचा गाळ ओघळतो आणि तो उभा राहतो.

"थांबवा," फुपाजी म्हणाले. ते केव्हा जागे झाले होते कोणास ठाऊक. "मागं घ्या जरा."

मी मागं घेतलं. ड्रॅगन पुन्हा उठला. फुपाजी सरकत सरकत टीव्हीपाशी आले. पुन्हा घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा उठला तेव्हा ते सगळ्यांकडे वळले. "हे जनावर खरं हाय," ते म्हणाले. "घोडा पुढून उठते. रुतलेलं ढोर असंच मागून उठते, अन् मधात असाच दम घेते. ज्यानं हे काढलं, त्यानं गोठा पाह्यला हाय."

"ज्यानं नाही जी," दादा म्हणाला. "जिनं."

मग ओसरी बदलली. तीस माणसं एकदम जनावर पाहू लागली. पाठ कशी आहे, खुब्याचं हाड कसं दिसतं, गाळात पाय टाकताना नख कसं फाकतं, अशी चर्चा सुरू झाली. तो ड्रॅगन बैलबाजारात उभा असता तर त्या दिवशी गिऱ्हाइकांची मारामारी झाली असती. तो उडाला तेव्हा पोरंसोरं ओरडलीच, पण खाली उतरून बसला तेव्हा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बसला तोही बरोबर बसला. प्रणालीला आता वाचा फुटली. तिचा वरचा साहेब म्हणत होता, हा घोड्यासारखा पुढून उठव, ऐटदार दिसेल. तिनं ऐकलं नाही. बाबांनी पाठवलेले तीन व्हिडिओ सगळ्या स्टुडिओला दाखवले आणि स्वतःचं खरं केलं. "व्हिडिओ काकाजीनंच काढले," ती म्हणाली. सगळी ओसरी माझ्याकडे वळली. पोरीला परत आणायला निघालेल्या माणसानं गुडघाभर शेणात उभं राहून तिची नोकरी पक्की केली होती. दादा नुसता हसत होता... पोट धरून, आवाज न करता.

सिनेमा संपला. मी बंद करायला उठलो.

"बस, हेमू," दादा म्हणाला. "नावं राह्यलीत अजून."

काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं वर सरकत होती. ढोल वाजत होते, चहा थंड होत होता, आणि आम्ही सगळे न कळणारी नावं पाहत बसलो. मग एका ठिकाणी मी मोठ्यानं वाचलं, प्रणाली ताराचंद बोरकर. बाकी सगळ्यांची दोन-दोन शब्दांची नावं. हिनं साहेबाशी भांडून बापाचं नाव मधे घातलं होतं, आपण शाळेच्या दाखल्यावर लिहितो तसं. दादानं विचारलं, "काय वाचलं?" मी पुन्हा वाचलं. मग त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं नाही. दुपट्टा तोंडावर धरून पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. गिरजाआत्यानं जाताना प्रणालीच्या गालावरून बोटं मोडली आणि पुढच्या वर्षी वाघ काढ म्हणून सांगितलं. स्थळाचा विषय मी त्यानंतर काढला नाही.

त्या दिवसापासून दादानं कुठलाही सिनेमा, कुठलीही मालिका नावं संपेपर्यंत सोडली नाही. "कोनाचे तरी लेकरं हायेत," म्हणायचा. गावातल्या नाटकाला गेला तर पडदा ओढणाऱ्याचं, दिवे लावणाऱ्याचं नाव विचारून यायचा. घरात कोणी मधेच रिमोट उचलला तर तो रागावत नसे, नुसता पाहत असे, आणि रिमोट आपोआप खाली जाई.

दादाला जाऊन आता सव्वा महिना झाला. गेल्या आठवड्यात प्रणालीचा नवा सिनेमा लागला. हा मात्र टॉकीजचा, मोठा, हिंदीतला, आणि त्यातल्या सगळ्या जनावरांची ती प्रमुख आहे. वहिनी नको म्हणत होती. गिरजाआत्यानं तिला गाडीत बसवलं. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, फुपाजी केव्हाच गेले. भंडाऱ्याला दुपारच्या खेळाला आम्ही घरचे अकरा जण एका रांगेत बसलो. सिनेमा कसा होता ते मला विचारू नका, या वेळी कोणालाही मी अर्थ सांगितला नाही. संपल्यावर दिवे लागले, माणसं भराभर निघाली, झाडूवाले आत शिरले. रिकाम्या थिएटरात फक्त आमची रांग. दारावरचा माणूस दोनदा डोकावला, आणि शेवटी जवळ येऊन अदबीनं म्हणाला, पिक्चर संपला जी, चला.

आत्यानं काठी जमिनीवर टेकवली. "जाऊन राह्यलो बापा," ती म्हणाली. "आमचा मानूस यायचा हाय अजून."

तो माणूस पडद्याकडे पाहत तिथेच उभा राहिला. नावं वर सरकत होती. माझा चष्मा धुरकट झाला होता, मी तो पुसायला काढला. वहिनीला इंग्रजी वाचता येत नाही. पण दोन-दोन शब्दांच्या त्या रांगेत खालून तीन शब्दांची एक ओळ वर आली, आणि कोणी काही बोलायच्या आत वहिनीनं बोट दाखवलं.