छातीएवढ्या पाण्यात

आमच्या शिरूर-दौंडकडं पाण्याची परिषद म्हटलं की लोकांना एकच पाणी आठवतं, कॅनॉलचं. मी चेन्नईला निघाले आहे हे कळल्यावर तळेगाव ढमढेऱ्याचे माझे मामा मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "जातीच हायस तर आवर्तन कवा सुटनार तेवढं इचारून ये." मी म्हटलं, "मामा, तिथं पाण्यात व्यायाम कसा करायचा ते शिकवतात." त्यावर मामा म्हणाले, "मंग मद्रास कशाला? आपली हीर काय वाईट हाय?" सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष हसण्यात नव्हतं.

मी शिरूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेला पोहण्याचा तलाव होता आणि सकाळी मी गुडघेदुखीच्या, वजन वाढलेल्या बायकांचा वर्ग घ्यायचे. बायका त्याला 'पाण्यातली पीटी' म्हणायच्या. पंजाबी ड्रेस घालून त्या छातीएवढ्या पाण्यात उतरायच्या, हातपाय हलवायच्या आणि तोंड त्याहून जास्त हलवायच्या. असे वर्ग घेणाऱ्या देशभरातल्या शिक्षकांची ही परिषद. शाळेनं रजा दिली आणि घरच्यांनी माझं कौतुक केलं. पण मी काही त्या बायकांसाठी एवढ्या लांब चालले नव्हते. मी चालले होते माझ्या नवऱ्यासाठी.

लग्नानंतर काही वर्षांनी न्हावरे गावाच्या पुढं त्यांची मोटारसायकल घसरली. पाठीला मार बसला आणि पायातली ताकद गेली. ते चाकाच्या खुर्चीला खिळले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करून बघा. दर रविवारी तलाव बंद असायचा, तेव्हा मी आणि धाकटे भावजी त्यांना उचलून पाण्यात उतरवायचो. एका रविवारी छातीएवढ्या पाण्यात त्यांनी माझे हात सोडले आणि दोन पावलं टाकली. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शाळेचा शिपाई धावत आला, त्याला वाटलं कोणी बुडालं. त्या दिवसापासून मी वेडी झाले होते म्हणा ना. पाण्यात चालतात, म्हणजे बाहेरही चालणार. कधी, एवढंच फक्त कुणीतरी जाणकारानं सांगायचं राहिलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांना म्हटलं, "तिथं एक मोठ्या फिजिओथेरपिस्ट बाई येणार आहेत. मी विचारून येते." ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "इचार की एकदाचं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी यांच्यासाठी परमुलखात चालले आहे, आणि यांना त्याचं काहीच नाही!

दौंडला भावजींनी मला गाडीत बसवून दिलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रात्री यांची कूस बदलून द्यायची वेळ झाली की भावजींना जाग येईल का, पाठीला पुन्हा जखम तर होणार नाही ना, हेच डोक्यात. एवढे दिवस मी त्यांना सोडून कधीच राहिले नव्हते.

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. तिथला तलाव बघून मी थक्क झाले. पाणी कोमट, तळाच्या फरशीवरची रेघन् रेघ दिसावी इतकं नितळ. मुंबई-बंगळुरूच्या मुली रंगीत पोहण्याच्या पोशाखात, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतावर नाचत होत्या. मी आपली शिरूरच्या शिंप्यानं शिवलेल्या गुडघ्याखालपर्यंतच्या पोशाखात मागच्या रांगेत. इंग्रजी अर्धं कळत होतं, अर्धं समोरच्याचे हातपाय बघून. कुणी मला हसलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मीच अंग चोरून उभी होते. संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन केला. त्यांनी जेवलीस का विचारलं, तिकडं भात कसला असतो ते विचारलं. माझ्या प्रश्नाचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर फिजिओथेरपिस्ट बाईंचं व्याख्यान झालं. त्या दक्षिणेकडच्या, पण नवरा फौजेत असल्यामुळं हिंदी चांगलं बोलायच्या. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अपघात, चार वर्षं, रविवार, पाण्यातली पावलं. मग विचारलं, "बाहर कब चलेंगे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "पानी कहाँ तक रहता है?" मी छातीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी माझा तोच हात धरला आणि खाली माझ्या कमरेशी आणून ठेवला. "यहाँ तक हो तो?"

कमरेएवढ्या पाण्याकडं मी त्यांना कधी नेलंच नव्हतं. एकदा नेताना त्यांचे गुडघे लटपटले, म्हणून मी लगेच मागं खोल पाण्यात घेतलं होतं. थंडी वाजली असेल, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं. बाईंनी माझा हात आणखी खाली, गुडघ्यापर्यंत नेला. "और यहाँ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई हळूच म्हणाल्या, "बेटा, उनको पानी उठाता है. जितना पानी कम, उतना वजन वापस. चार साल हो गए हैं. पानी में ज़रूर ले जाओ, पर बाहर का वादा मत करना." मला त्या बाईंचा इतका राग आला की मी नमस्कारही न करता निघून आले. हेच तर मी बायकांना रोज सांगत होते, पाण्यात वजन हलकं होतं म्हणून गुडघे दुखत नाहीत. बायकांच्या बाबतीत कळत होतं, घरच्या माणसाच्या बाबतीत कळून घ्यायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत मला कुठलं स्टेशन गेलं तेही कळत नव्हतं. त्यांना काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव चालली होती. व्यायाम वाढवा म्हणाल्या, असं सांगावं. वेळ लागेल म्हणाल्या, असं सांगावं. घरी पोचले, तर त्यांनी विचारलंच नाही.

रविवारी आम्ही त्यांना पाण्यात उतरवलं. भावजी चहा आणायला गेले. हे छातीएवढ्या पाण्यात माझ्यासमोर उभे होते. म्हणाले, "काय म्हनल्या बाई?"

"म्हणाल्या, व्यायाम चालू ठेवा. हळूहळू…"

"न्हाई म्हनल्या ना?"

मला रडू कोसळलं. मी मान हलवली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मागल्या वर्षी तू तिकडं तोंड करून पवायच्या फळ्या गोळा करत हुतीस, तवा मी पायऱ्यांकडं जाऊन बघितलं. कमरेला पानी आलं आन् खाली बसलो. कठड्याला धरलं म्हनून वाचलो."

मी संतापले. "मग बोलला का नाहीत? मला एवढ्या लांब कशाला जाऊ दिलंत?"

"तू इचारल्याबिगर ऐकली नसतीस. आन् मी बोललो असतो, तर तू हे रविवारचं बंद केलं असतंस." त्यांनी पाण्याखाली माझा हात धरला. "भाईर कुनाशीबी बोलायचं तर मान वर करावी लागती. तुझ्याशीसुदिक."

मी ओल्या हातानंच डोळे पुसले आणि त्यांच्याकडं बघितलं. बघायला मला मान वर करावी लागली. माझा नवरा माझ्याहून चांगला वीतभर उंच आहे, हे मी विसरूनच गेले होते.