बत्तीवरून दिसलेलं वेंगुर्लं

वेंगुर्ल्याहून एसटी हलली तेव्हा मी डोळे मिटूनच घेतले होते. हे गेले, घर विकलं, मुलगा न्यायला आला होता. चढ लागला, वाऱ्यातला खारटपणा गेला, तेव्हा कळलं, बाई, निघालीस तू.

बेंगळुरूत आठ वर्षं झाली. सुरुवातीला रिक्षात बसले की गावच्या सवयीने सांगायचे, "दर्याच्या अंगाला घ्या." आमच्याकडे दिशा दोनच, एक दर्याची, एक डोंगराची. रिक्षावाला हसत म्हणाला, "समुद्रा? मंगळूरिगे होगी, अज्जी!" म्हणजे मंगळूरलाच जा! आता मीही 'स्वल्प पुढे घ्या' म्हणते, आणि तो 'सरी', म्हणजे बरं, म्हणतो.

मध्यंतरी नात तन्वी, इथेच कोरमंगलात नोकरी करते ती, विचारते, "आजी, वेंगुर्ल्यात बघण्यासारखं काय गं?" झालं, मी सुटलेच. डचांची वखार, तिच्या पडक्या भिंतींत बसून आम्ही करवंदं खायचो, इतिहास मागाहून कळला. मुंबईची आगबोट लांब उभी राहायची नि होड्या माणसं बंदराला आणायच्या, ट्रंका, भिजलेले काष्टे, सगळं. आणि टेकडीवरची बत्ती, म्हणजे दीपगृह.

"तू वर गेलीयस?"

नाही गं. गावातली माणसं गाव कुठे बघायला जातात!

तिने तडक दोघींसाठी होमस्टेत खोली घेतली. जिथे माझी चूल पेटायची, तिथे मी भाड्याच्या खोलीत पाहुणी म्हणून उतरू? दोन दिवस अडून बसले. शेवटी तिकडच्या माझ्या शेजारणीला, सुमनला, फोन केला. ती खेकसलीच, "गो बाय, घर इकलंस, दर्यो इकलंस काय? मुकाट्यान ये. सोलकढी करून ठेवतंय."

गेलो. बत्ती चढताना गुडघे कुरकुरले, पण वर पोचले नि कठडा धरून खाली वाकले. खाली होड्या झोपल्यासारख्या. पाण्याला नि आभाळाला मधली शिवणच नव्हती. मागे माड, माडांतून डोकावणारी कौलं, कुठे कुठे धूर.

"आपलं घर कुठलं, आजी?"

मी बोट वर केलं. बंदरापासून फिरवत पार बाजारापर्यंत नेलं, ते कुठे थांबेचना. आमचं कौल काही ओळखू आलं नाही. आणि गंमत अशी की, वाईटही वाटलं नाही.