नाव ठेवाल तर हवा भराल

हवावाल्या चाचांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चाकं राहत. आर्णीत बसस्टँडच्या मागच्या बाजूला त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवला की तुमचं नाव, आडनाव, हुद्दा सगळं बाहेर राहायचं. आत यायचा तो तुमचा आकडा. मी शाळेत गणित शिकवायचो, अख्खं गाव मला गुरुजी म्हणायचं, पण चाचांसाठी मी अठ्ठाईस. माझ्या काळ्या सायकलचं चाक अठ्ठावीस इंची, म्हणून मीही तेवढाच. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर जाड टायरची, सरळ दांडीची, गिअरवाली सायकल दामटायचे. ते छब्बीस. पहिल्यांदा "आओ अठ्ठाईस, बसा" असं ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मला राग यायला तसंही फार काही लागत नाही.

चाचा अंगानं किडकिडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोटं इतकी काळी की चहाचा कप धरला की कपाला नक्षी उमटायची. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते बोलत नसत. चाक फिरवायचे, एक डोळा मिटायचे, आणि तारेला चावीनं चिमटा काढल्यासारखं करायचे. पुन्हा फिरवायचे. चाक सरळ फिरायला लागलं की म्हणायचे, "आता कसं शहाण्यावानी चालून राह्यलं." हे वाक्य ते चाकाकडे बघून म्हणायचे की ओट्यावर बसलेल्या आमच्याकडे, ते कधी कळलं नाही.

संध्याकाळी शाळा आणि दवाखाना सुटला की ओट्यावर सभा भरायची, आणि तिथे एकाच विषयावर भांडण असायचं: मोठं चाक चांगलं की लहान? माझं म्हणणं, अठ्ठावीस इंची चाक एका फेऱ्यात जेवढं अंतर तोडतं तेवढं तोडायला सव्वीसवाल्याला धाप लागते. कंपाउंडरांचं म्हणणं, "गुरुजी, तुमची सायकल नाई, बंडी हाय बंडी! फक्त बैल जुपाचे राह्यले." मग मी म्हणायचो की तुमची ती सायकल म्हणजे खेळणं, आणि डोंगरावर चढायचं खेळणं घेऊन आर्णीच्या सपाटीवर फिरणं म्हणजे पोहता येत नसताना अंगाला तेल लावून बसणं. आवाज चढायचे. समोरचा पानठेलेवाला पान लावायचं सोडून बघत बसायचा.

चाचा कोणाचीच बाजू घेत नसत. फार गळ घातली तर म्हणत, "पावसाळ्यात काळ्या मातीत जा ना जी. तिथं सगळ्या सायकलायचा साइज एकच. खांद्यावरचा." हे खरं होतं. आमच्या मातीत जुलै महिन्यात चाक कितीही इंची असो, दहा पावलांत चिखल भरून जाम होतं आणि सायकल माणसावर बसून घरी येते. पण खरं बोललं म्हणून भांडण थांबलं, असं जगात कुठे झालंय?

ते थांबवायचा चाचांचा स्वतःचा कायदा होता. दुसऱ्याच्या चाकाला ज्यानं नाव ठेवलं, त्यानं त्याच चाकात हातपंपानं हवा भरायची. चाळीस दाब, एक कमी नाही. आणि ज्याच्या चाकाला नाव ठेवलं त्यानं खाली बसून पंपाची नळी चाकाच्या वॉलवर, हवा आत जायच्या तोंडावर, दाबून धरायची. चाचांचा पंप जुना, नळीला चिमटा नाही, हातानं घट्ट धरली नाही तर हवा फुस्सकन बाहेर. म्हणजे भांडलेले दोघं, एक वाकलेला आणि एक उकिडवा बसलेला, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. विसाव्या दाबाला घाम, तिसाव्याला धाप, आणि पस्तिसाव्याला नळी धरणाराच म्हणतो, "राहू द्या आता, झाली टाइट." चाचा तिकडून ओरडत, "नाई! चाळीस!" चाळीस होईपर्यंत कोणाच्याच अंगात राग शिल्लक राहत नसे.

माझी जीभ सैल, त्यामुळे त्या पंपाची आणि माझी फार ओळख झाली. आठवड्यातून दोनदा मी कंपाउंडरांच्या चाकात हवा भरायचो. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की त्यांच्या चाकातली हवा कमी झाली की हेच मुद्दाम बंडीचा विषय काढतात. मी चाचांकडे तक्रार केली. चाचा म्हणाले, "मंग तुमी चिडता काहून?" पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा चिडलो.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे, आणि कापसाचा पैसा नाही म्हटल्यावर अख्ख्या बाजारपेठेचा चेहरा उतरलेला. लोकांनी मोटारसायकली घरात उभ्या करून माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली काढल्या. चाचांचं काम वाढलं, पण त्याचा आनंद त्यांना झालेला मी पाहिला नाही. "बाप्पा, अशा येळी धंदा वाढू नये," एवढंच म्हणाले. एकदा बाहेरगावचा एक पत्रकार ओट्यावर आला, कापसाबद्दल विचारायला. कोणी बोलेना. बोलता बोलता तो एका म्हाताऱ्याच्या बावीस इंची सायकलला हसला. चाचांनी पंप त्याच्यापुढे ठेवला. भला माणूस होता, शर्ट घामानं भिजेपर्यंत त्यानं चाळीस दाब मारले. मग तो म्हातारा आपणहून त्याच्याजवळ सरकून बसला आणि दोन तास बोलला.

त्याच साली उरुसात सायकलच्या कसरतींचा एक खेळ आला होता. लोकांच्या खिशात काही नव्हतं, खेळ चालला नाही, मंडळी पांगली. त्यातला एक गृहस्थ आर्णीतच राहिला. चाळिशीचा, कानाजवळ केस पिकलेले, मिशा मात्र पीळदार. त्याच्याकडे एकच चाक होतं. एक चाक, त्यावर दांडा, दांड्यावर सीट, खाली पायडल. ना हँडल, ना ब्रेक. गळ्यात टोपली अडकवून तो त्या एका चाकावर बसस्टँडभर फुटाणे विकायचा. चाक वीस इंची. चाचांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठरवलं: बीस.

ओट्यावर नवा वाद निघाला, एक चाक म्हणजे सायकल का? कंपाउंडर म्हणाले, हो. ते हो म्हणाले म्हणून मी नाही म्हणालो. वाद वाढला, आणि भरात मी बोलून गेलो, "ही कसली सायकल? हे तर भीक मागायचं साधन आहे."

बीस तिथेच होता. तो फुटाण्याच्या टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिला. चाचांनी हातातली चावी खाली ठेवली, पंप उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. बीस उठून आपलं चाक घेऊन आला आणि नळी धरून खाली बसला. मला चाळीस दाबच मारायचे होते. पण मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला ती रागासारखी वाटते. "मी शिक्षक आहे, त्याच्या चाकात हवा भरणार नाही," असं म्हणून मी निघून आलो. मागे वळून पाहिलं तेव्हा बीस अजून नळी धरून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावरून गेलो. मला वाटलं, चाचा तोंड फिरवतील. त्यांनी उठून सलाम केला आणि म्हणाले, "नमस्कार, गुरुजी."

गुरुजी! गाव म्हणायचं ते ठीक, पण त्या ओट्यावरून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी माझा आकडा काढून घेतला होता. भांडले असते तर मी भांडलो असतो, त्या कामात मी पारंगत. पण रोज संध्याकाळी इतक्या अदबीनं "नमस्कार, गुरुजी" म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? हट्टानं मी दुसऱ्या दुकानात जायला लागलो. त्या गृहस्थानं माझ्या अठ्ठावीसच्या चाकात सव्वीसची ट्यूब ताणून बसवली. अरुणावतीच्या पुलापलीकडे ती फुटली आणि मी दोन कोस सायकल ढकलत आलो. वाटेत कंपाउंडर भेटले. मला वाटलं, आता हसतील. ते खाली उतरले, आपली सायकल ढकलत माझ्याबरोबर गावापर्यंत चालले, आणि बंडीचा शब्द काढला नाही. त्यांनी तो काढला असता तर फार बरं झालं असतं.

पाच महिने असे गेले. सव्वीस जानेवारीला शाळेत कवायतीनंतर बीसचा खेळ ठेवायचं हेडमास्तरांनी ठरवलं. मैदान भरलं. बीस स्वच्छ सदरा घालून आला. मागोमाग चाचा आले, खांद्यावर तो जुना पंप घेऊन. झेंडावंदनाला पंप घेऊन कोण येतं, हा विचार तेव्हा माझ्या गणिती डोक्यात यायला हवा होता. बीसनं चाक उभं केलं, वर बसायला गेला आणि थांबला. चाक बसलं होतं. हवाच नव्हती.

"अरे अरे," चाचा म्हणाले, "हवा गेली वाटते." त्यांनी पंप मैदानाच्या मध्यावर ठेवला आणि स्वतः बाजूला जाऊन उभे राहिले. चारशे पोरं बघतायत. बीसनं खाली बसून नळी धरली आणि मान वर केली. पाच महिन्यांपूर्वी जसा बसला होता तसाच.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी गेलो, बाह्या सारल्या आणि वाकलो. पहिल्या दाबाला मैदान शांत होतं, पाचव्याला पोरं मोजायला लागली. "दहा! अकरा!" पोरांना एवढ्या मोठ्यानं पाढे म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. पंचविसाव्या दाबाला मी हळूच म्हणालो, "चुकलं माझं." बीस म्हणाला, "नळी हालते, गुरुजी, सरळ दाबा." तीसला डोळ्यांत पाणी आलं, घाम होता की काय मी बघितलं नाही. चाळीसला पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबेना. एक्केचाळीस, बेचाळीस.

"बस!" चाचा ओरडले. "बस करा, अठ्ठाईस! फुटते ते!"

त्या दिवसानंतर शाळेतली पोरं मला माझ्या पाठीमागे अठ्ठाईस गुरुजी म्हणायला लागली. एकालाही मी छडी मारली नाही.

पुढे काही वर्षांनी माझी बदली झाली आणि आम्ही यवतमाळला, लोहारा भागात राहायला आलो. निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर गेलो. चाचांची नजर अधू झाली होती, चाक ते आता बोटांनी चाचपून सरळ करत. त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "अठ्ठाईस, एक गोष्ट सांगाची हाय. त्या झेंड्याच्या दिवशी बीसच्या चाकाची हवा म्या सोडलती. वॉल काढून खिशात ठेवला, अन् मैदानात याच्या आंधी परत बसवला."

"मला कळलं होतं," मी म्हणालो. थाप होती. मला त्या क्षणी कळलं.

"कोणाची हवा सोडणं म्हणजे नाव ठेवण्याहून वाईट," चाचा म्हणाले. "बीसच्या चाकात म्या दुसऱ्याच दिवशी चाळीस मारून देल्ले. तुमाले चारशे पोरायपुढं वाकवलं, ते राह्यलं." आणि ते पंप घेऊन माझ्या सायकलपाशी उभे राहिले. मी नको नको म्हणत होतो. कंपाउंडर पुढे झाले, बीस पुढे झाला, चाचांनी दोघांनाही हाकललं. "धरा नळी!" मला म्हणाले.

मी खाली बसलो आणि नळी धरली. चाचा दाबत होते. वीस झाल्यावर थांबले, श्वास घेतला, पुन्हा दाबायला लागले. त्यांचा मेंदीचा वास आणि ग्रीसचा वास माझ्या नाकाशी होता. मी म्हणालो, "चाचा, झाली टाइट." ते म्हणाले, "चाळीस!" आणि चाळीस मारले. माझं त्या माणसावर किती प्रेम होतं, हे मला नळी धरल्या धरल्या कळलं. सांगायचं मात्र राहून गेलं.

गेल्या वर्षी चाचा गेले. कंपाउंडरांचा फोन आला. म्हणाले, "अठ्ठाईस, चाचा गेले." मी लगेच आर्णीची बस धरली.

मातीला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी बसलो होतो. आमच्या गल्लीत दोन तरुण राहतात, औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, सुटीच्या दिवशी जाड टायरच्या महागड्या सायकली घेऊन टेकडीवर जातात. त्यांचा वाद चालला होता, साडेसत्तावीस चांगलं की एकोणतीस. वाद वाढता वाढता एकाचं लक्ष भिंतीला टेकलेल्या माझ्या सायकलकडे गेलं. "काका, ही भंगारात द्या आता," तो म्हणाला. "हे कायची सायकल, बंडी हाय हे!"

मी आत गेलो, पंप आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"चाळीस," मी म्हणालो.

तो हसला, मित्राकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाकला. मी नळी धरली. तिसाव्या दाबाला त्याला धाप लागली.

"काका," तो म्हणाला, "दोन वर्षं झाले इथं राहून राह्यलो, तुमचं नाव काय ते इचारलंच नाई."

"अठ्ठाईस," मी म्हणालो. "दाबा, अजून दहा राहिलेत."