शामकलाबाईंचा आवाज

शामकलाबाईंनी नऊ हिंदी सिनेमांत काम केलं, पण त्यांतल्या एकातही त्यांचा आवाज नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्या झाडीपट्टीतल्या गोरेगावहून मुंबईला गेल्या. तिथे त्यांचा चेहरा चालला, बोलणं चाललं नाही. "चेहरा हिरोइन का है, आवाज खेत की," असं एका दिग्दर्शकाने तोंडावर सांगितलं. त्यांचे संवाद दरवेळी दुसरीच बाई डबिंगच्या खोलीत बोलायची. कामं मिळाली ती हिरोइनची मैत्रीण, मग बहीण, मग वहिनी अशी. कामं आटली तेव्हा छत्तिसाव्या वर्षी त्या परत आल्या.

इथे त्यांना झाडीपट्टीच्या नाटक कंपनीने घेतलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, मंडईला नाटक लागतंच, आणि पत्रकावर 'मुंबईची सिनेतारका' असली की मंडप भरतो. पण सिनेतारका गावचं बोलली तर लोक मानतील का? म्हणून पंचवीस वर्षं त्या स्टेजवर पुस्तकी मराठी बोलत राहिल्या. स्वतःच्याच तालुक्यात.

आता त्या एकसष्टच्या आहेत. गुडघे दुखतात, जीपचा प्रवास सोसत नाही. यंदा कंपनीचे मालक भैय्यालाल आले तेव्हा त्या अंगणात धान पाखडत होत्या.

"बाई, फक्त खुर्चीवर बसाचं. शाल घ्याची, हात हलवाचा, बस."

"मले आजीचं काम दे. आपल्या बोलीतलं."

"लोक सिनेमावाली पाहाले येतेत जी. म्हातारी त त्यांच्या घरीच हाये."

"मंग पत्रकावर सिनेतारका लिहू नको. शामकला, गोरेगाव, एवढंच लिही. थकली मी दुसऱ्याच्या तोंडानं बोलून."

"डुबाओगी मुझे," भैय्यालाल म्हणाले. पण आजीचं काम करणारी बाई ऐन वेळी दुसऱ्या कंपनीत गेली होती. त्यांना ऐकावंच लागलं.

सालेकस्याकडच्या एका मंडईत नाटक झालं. मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. शामकलाबाई सुनेवर खेकसल्या, नातीला जवळ घेऊन बोलल्या, घरी बोलतात तशाच. एका प्रवेशात अख्खा मंडप इतका गप्प झाला की स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगायचं विसरला. त्यांनी ते स्वतःच जुळवलं.

सकाळी एसटीची वाट पाहत त्या गुडघा चोळत बसल्या होत्या. शेजारची बाई निरखून पाहत होती.

"रातच्या नाटकातली आजी तुमीच ना मावशी? माह्या सासूवानीच बोलता."

"हो, बाई."

"मंग ते सिनेमावाली काऊन नाही आली यंदा?"

शामकलाबाईंनी पिशवी जवळ ओढली.

"थकली ते. आता नाही येणार."

बस दिसली, तशी पिशवी उचलून त्या उठल्या.