भिंतीवरची मोटर

तिला घरात आणि गल्लीत सगळे ‘चौकशी’ म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच सुखात होतं. लहानपणी दवाखान्यात सुई टोचली तेव्हा ती रडली नव्हती. ‘आत गेलेलं औषध त्याच भोकातून बाहेर का येत नाही?’ असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं.

तिचा दादा मात्र प्रश्न न विचारण्यात वाकबगार. बेरोजगार तरुणांसाठी निघालेली प्रत्येक योजना त्याने निमूटपणे पार पाडली होती. मोटर वाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, कॉम्प्युटर आणि शेवटी हॉटेलात वाढायचं काम. चार कोर्स, चार सर्टिफिकेटं, चार चौकटी. पाचवा खिळा त्याने आधीच ठोकून ठेवला होता. नोकरी म्हणावी अशी एकदाच लागली, सहा वर्षांपूर्वी, मोटरी भरायच्या वर्कशॉपात. पहिल्याच दिवशी तो दुपारीच घरी आला. “मन रमलं नाही,” एवढंच बोलला. डबाही तिथेच विसरला. पोराची नोकरी गेली हे आईने कसंबसं गिळलं. स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा गेला हे तिच्या घशाखाली आजतागायत उतरलं नव्हतं.

आता चौकशीने त्याच केंद्रात तोच मोटर वाइंडिंगचा कोर्स केला. मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून नवी तार गुंडाळतात, त्याला मोटर भरणं म्हणतात. केंद्रात मोटर एकच. भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेतलेली तिची हातभर मोठी आकृती, कुठलं टोक कुठे जोडायचं ते लाल-पिवळ्या रेघांनी दाखवलेलं. ती पाठ करायची, मोटर भरायची. मग तपासणीला साहेब यायचे, तारेचे आटे, म्हणजे वेढे, मोजायचे, सही करायचे, आणि लगेच सगळी तार उसवून पुन्हा रिळावर, कारण ती स्टॉकातली. पुढच्या बॅचला तीच तार, तीच मोटर. अकरा वर्षं ती बिचारी भरली जात होती आणि रिकामी होत होती. वीज काही तिच्या नशिबी नव्हती.

“सर, एकदा लावून बघू या ना,” चौकशी म्हणाली होती.

“आणि जळली म्हणजे? पुढच्या बॅचला काय तुझं डोकं देऊ भरायला?”

सर वाईट नव्हते. शिक्षण संपलं त्या दिवशी ते बाकावरून उठले आणि फळ्यापाशी जाऊन उभे राहिले, मधे कुठे वर्कशॉपात पाय ठेवायला सवडच मिळाली नाही, एवढंच.

कोर्स संपल्यावर केंद्राने चौकशीला एका वर्कशॉपाची चिठ्ठी दिली. दादा जिथून परत आला होता तेच वर्कशॉप. एक दिवस काम करून दाखवायचं. जमलं तर नोकरी, नाही जमलं तर पाचवा खिळा होताच.

“नको जाऊस तिथे,” दादा म्हणाला.

“का?”

“मन रमत नाही.”

“कशामुळे?”

दादाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. चौकशीची झोप उडाली ती यामुळे. जिथे मन रमत नाही अशी जागा नेमकी दिसते कशी?

दिसायला साधी होती. एक शटर, दोन टेबलं, भिंतीला टांगलेली तारेची वेटोळी, वार्निशचा वास. चालवणाऱ्या बाईंना सगळा रस्ता काकी म्हणे. नवऱ्यामागे धंदा त्यांनीच सांभाळला होता. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांनी चौकशीला वरून खाली पाहिलं आणि जुनी तार काढून साफ केलेली पंपाची मोटर तिच्यापुढे ठेवली.

“भर.”

चौकशीने भरली. प्रत्येक खाचेत कागद, कागदावर तार, आटे मोजून. दुपार कलली तेव्हा भिंतीवरची आकृती डोळ्यांपुढे आणून तिने टोकं जोडली. बोटं सोलवटली होती. वार्निश लावण्याआधी काकींनी वीज दिली. मोटर गुरगुरली आणि फिरायला लागली.

फिरली! चौकशीला वाटलं, आता हिला उचलून घ्यावं. अकरा वर्षांत केंद्राच्या मोटरीला जे जमलं नव्हतं ते हिने केलं होतं.

काकींनी पंपाच्या अंगावर कोरलेल्या बाणावर बोट ठेवलं. बाण एका बाजूला, मोटर दुसऱ्या बाजूला.

“उलटी. म्हटलंच मी. हात धू आणि नीघ.”

“उलटी का फिरली?”

“दोन टोकं चुकीची जोडलीस. ती बदलली की सुलटी होते, ते मला दोन मिनिटांचं काम. पण ज्याला उलट-सुलट कळत नाही त्याला ठेवून काय करू? पाणी धड वर चढत नाही मग, गिऱ्हाईक माझ्या नावाने शिमगा करतं. तुमच्या केंद्राची सगळी पोरं अशीच.”

चौकशी मोरीकडे निघाली होती, ती थांबली.

“सगळी म्हणजे किती?”

“नऊ आली आजवर. तू दहावी.”

“आणि नऊच्या नऊ जणांची उलटीच?”

“हो गं बाई.”

“एकाचीही चुकून सुलटी नाही?”

काकींनी चष्मा काढला. “काय म्हणायचंय तुला?”

“नाही, टोकं जोडायच्या तऱ्हा दोनच. धांदरटपणाने जोडली असती तर निम्म्यांची तरी बरोबर आली असती. एकजात सगळ्यांची चुकते म्हणजे सगळे काहीतरी नीटच करतायत.”

काकींनी मोटरीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग म्हणाल्या, “सहाला शटर ओढते मी.”

चौकशी अर्धी चालत, अर्धी पळत केंद्रात पोहोचली. सर चहा ओतून घेत होते.

“सर, भिंतीवरची आकृती कशावरून काढली?”

“माझ्या वहीवरून. का?”

“वही आहे?”

“अगं, भिंतीवर आहे की सगळं!”

“वही आहे का, सर?”

कपाटाच्या तळातून वही निघाली. चौकशी ती भिंतीला लावून एकेक रेघ बोटाने ताडून पाहत गेली. खालच्या कोपऱ्यात थांबली. तिथे स्विचबोर्ड होता. वहीत लाल टोक डावीकडे जात होतं. भिंतीवर डावीकडे बोर्ड आडवा आला म्हणून पेंटरने लाल टोक उजवीकडे वळवलं होतं आणि पिवळं बोर्डाच्या वरून डावीकडे नेलं होतं. दिसायला छान जमलं होतं.

सरांनी कप खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. “पहिल्या बॅचच्या आधी रंगवून घेतली होती,” ते म्हणाले. मग वहीकडे बघत, “एकदा लावून बघायला हवी होती.”

चौकशीला त्यांना टोमणा मारायचा होता, पण त्यांचा चेहरा पाहून तिने तो गिळला. सरांनीच चपला घातल्या. “चल. बघायचंय मला.”

शटर अर्धं खाली आलं होतं. चौकशीने वही काकींच्या हातात दिली आणि मोटरीची दोन टोकं बदलली. वीज दिली. मोटर बाणाच्या बाजूने फिरली. सर वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिले, बंद केल्यावरही.

“म्हणजे पोरं बरोबर होती आणि भिंत चुकली होती,” काकी म्हणाल्या. “आणि मी नऊ जणांना हाकललं.” त्यांनी शटरची काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. “उद्या नऊला ये. प्रश्न कमी, काम जास्त.”

“किती कमी?”

“हा एक झाला.”

“काकी, त्या नऊ जणांत माझा दादाही होता. आठवतो?”

“तोंडं कुठली आठवायला. एक जण मात्र गेला तो डबा टाकून. धड भांडलाही नाही, मान खाली घालून गेला.” त्यांनी फळीवरून खिळे भरलेला स्टीलचा डबा काढला, खिळे टेबलावर ओतले. झाकणावर आईने ओळखीसाठी टोच्याने काढलेले तीन ठिपके होते.

घरी डबा पाहून आईने आधी तो उजेडात धरला, मग वास घेतला, मग “खिळे ठेवले होते का कुणी यात?” म्हणून काकींचा उद्धार केला. दादा दारात उभा होता. डब्याकडे बघत होता.

“फिरली?” त्याने विचारलं.

“फिरली.”

“कुठल्या बाजूने?”

“आधी उलटी. तुझ्यासारखीच. दादा, तुझं बरोबर होतं. भिंतीवर चूक होती.” आणि तिने स्विचबोर्डापासून सगळं सांगितलं.

दादाने पहिली चौकट भिंतीवरून उतरवली, बाहीने काच पुसली, पुन्हा टांगली. ती जरा तिरकी झाली. “दोनच टोकं?” तो म्हणाला.

“दोनच.”

“आणि त्यांना अजून माणूस लागतं का?”

दिवसभरात हा एकच प्रश्न चौकशीच्या हातून सुटला होता.

“ते तू विचार,” ती म्हणाली.

सकाळी आईच्या ओरडण्याने तिला जाग आली. “अगं, डबा पुन्हा गेला! काल घासून पालथा घातला होता गं इथे!”

चौकशीने दाराकडे पाहिलं. दादाच्या चपलाही जागेवर नव्हत्या.