दोन्ही हॉर्न गप्प

दुष्काळात आमच्या गावच्या पाणी संस्थेचं पाणी आटलं, किस्से काही आटले नाहीत. संस्थेची जीप मागे टाकी जोडून पाली गावाहून पाणी आणते. वेशीत हॉर्न वाजला की बायकांनी घागरी घेऊन पळायचं. हॉर्न बंद पडला आणि शेवटच्या गल्लीतून मी पोचेपर्यंत टाकीत नुसता गाळ उरायला लागला. पोर आठ महिन्यांचं, त्याला जुलाब चालू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी उकळूनच पाजा. उकळायला आधी पाणी तर पाहिजे.

सेक्रेटरी म्हणाले, "तोंडी न्हाई चालत, अर्ज द्या." आमच्या गल्लीत सातवी शिकलेली मी एकटीच, म्हणून मीच लिहिला. दुसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शाईत शेरा, 'हॉर्न वाजत नसल्याचा पुरावा जोडावा.'

माझी जाऊ म्हणाली, "कागदाला कान लावा म्हणावं."

*

ड्रायव्हर बाबूभावजींनी हॉर्न काढून वायरीनं थेट बॅटरीला जोडला. असा वाजला की कडेवरचं पोर दचकून रडलं. सेक्रेटरींनी तिथंच रजिस्टर उघडून 'हॉर्न सुस्थितीत आहे' असं लिहिलं आणि तक्रार मिटवली. मग हॉर्न परत जीपला बसवला, बटण दाबलं. गप्प.

"आता?" मी विचारलं.

"आता नवा अर्ज."

*

चेअरमन आप्पांनी आपला मेव्हणा आणला. त्याच्या कपड्याला ग्रीस असतं म्हणून त्याला मिस्त्री म्हणायचं. त्यानं फ्यूज बदलला, हॉर्नची टोकं घासली आणि म्हणाला, "एकट्या हॉर्नला दम न्हाई, जोडीला दुसरा लावू."

लावला. तेव्हापासून आमच्या जीपचे दोन हॉर्न वाजत नाहीत.

*

बैठकीत आप्पांनी समजूत घातली, "हॉर्नचं लई मनावर घेऊ नका. टाकी तर येतीच हाय की."

जाऊ मागून बोलली, "मंग आप्पा, तुमची गाडी गावात शिरली की हॉर्न कशाला वाजवता?"

बैठक तिथंच संपली.

*

शेवटी एका सकाळी मी वेशीतच जाऊन उभी राहिले. टाकी आली तशी पोर जावेकडे दिलं आणि जीपमध्ये वाकले. घरचा ट्रॅक्टर दुरुस्त करताना नवऱ्याला बघितलेलं, तसं वायरीवरून बोट फिरवत गेले.

"वैनी, हे तुमचं काम न्हाई," बाबूभावजी म्हणाले.

"तुमचं हाय ना? महिना झाला."

स्टेअरिंगखाली बटणाची वायर सुटलेली होती. तुटलेली नव्हे. टोकाला काळी टेप, तीही नीट घडी घालून गुंडाळलेली. भावजी जमिनीकडे बघायला लागले. मी टेप सोलली, वायर जागेवर खोचली आणि बटण दाबून धरलं.

दोन्ही हॉर्न एकदम वाजले. सगळ्या गल्ल्यांतून बायका घागरी घेऊन पळत आल्या. समोर, वेशीतल्या पहिल्याच घरी, आप्पांची मालकीण भरल्या पिंपातलं पाणी घेऊन अंगणात सडा टाकत होती. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि दुसरी बादली उचलली.